खाऱ्या पाण्याचा गारवा

जून उजाडला की रायगडच्या किनाऱ्याचा आवाज बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. करंजा, रेवस, मुरुड, श्रीवर्धनचं जीवना बंदर, सगळीकडे होड्या शाकारलेल्या. एरवी पहाटे धडधडणारी इंजिनं गप्प होतात आणि त्यांच्या जागी पान्यांचा, हातोडीचा आवाज येऊ लागतो. जाळी तुणायची, फळ्यांना तेल द्यायचं आणि इंजिन खोलायचं, ही या दिवसांतली कामं. इंजिनाला जोडलेल्या भागांत एक नळकांडं असतं. त्याच्या पोटात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळ्यांचा जुडगा असतो. मिस्त्री एकेका नळीतून सळई घालतो, आणि पलीकडून पांढरट-करड्या खपल्या गोणपाटावर पडतात.

हा जुडगा इंजिनाला गार ठेवतो. इंजिनातलं तापलेलं गोडं पाणी एका बाजूनं जातं, समुद्राचं पाणी दुसऱ्या बाजूनं. दोन्ही पाण्यांची भेट होत नाही, उष्णता मात्र इकडची तिकडे जाते. मोटारींच्या शौकिनांच्या तोंडी सतत असणारा इंटरकूलर याच घराण्यातला. फरक एवढाच, की तिथं इंजिनात शिरणारी हवा गार करायची असते. कमी पैशात, भंगारातून सुटे भाग जमवून असा कूलर बसवणं ही आज गॅरेजमधली हौस आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ही खटपट पोटासाठी झाली, आणि तिचा धागा पार आगबोटींच्या काळापर्यंत मागे नेता येतो.

'आगबोट' हा शब्दच बघावा. इंग्रजांनी या जहाजाचं नाव वाफेवरून ठेवलं. मराठी माणसाला आधी दिसली ती तिच्या पोटातली आग. आंग्र्यांच्या गलबतांना आणि गुराबांना वाऱ्याची वाट बघावी लागे. आगबोटीला वाऱ्याची गरज उरली नाही, पण दोन नव्या चिंता तिच्या मागे लागल्या. पोटात आग पेटवायला कोळसा कुठून आणायचा, आणि त्या आगीनं तयार झालेली नको असलेली उष्णता टाकायची कुठं?

पहिल्या चिंतेची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी रचना होती आणि एडन गाठायला ११ दिवस लागणार होते. म्हणून सापडेल त्या कोपऱ्यात कोळसा कोंबला गेला. एडन आलं तेव्हा तो जवळजवळ संपला होता.

दुसऱ्या चिंतेबद्दल फारसं बोललं जात नाही, कारण ती धातूच्या आत घडते. त्या काळच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालत. समुद्राच्या पाण्यात वजनाच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्शाइतके क्षार असतात. खलाशांची क्षारमोजणीची उपकरणंही बत्तिसाव्या भागांतच आखलेली असत. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. पेण-उरणकडच्या मिठागरांत उन्हानं जे होतं तेच बॉयलरमध्ये आगीनं होत असे. मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्सम, आणि शेवटी मिठाचा दाणा धरतो. यातला जिप्समचा अंश फार वाईट, कारण पाणी उकळीच्या पलीकडे तापेल तसा तो कमी विरघळतो आणि नेमका सगळ्यात गरम पत्र्यावर जाऊन चिकटतो. त्याचा थर बसला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा जळतो. म्हणून खलाशी ठरावीक वेळानं बॉयलरमधलं दाट झालेलं गरम पाणी समुद्रात सोडून देत आणि नवं भरत. त्या सोडलेल्या पाण्याबरोबर महागामोलाचा कोळसाही एका परीनं समुद्रात जाई.

यावरचा तोडगा सॅम्युअल हॉल या इंग्रज कारागिराने १८३४ मध्ये पेटंट करून घेतला. वापरलेली वाफ बारीक नळ्यांमधून न्यायची, नळ्यांभोवती समुद्राचं थंड पाणी खेळवायचं, आणि वाफेचं परत गोडं पाणी करून तेच बॉयलरमध्ये घालायचं. खारं पाणी बाहेर, गोडं पाणी आत, मध्ये धातूची पातळ भिंत. ही युक्ती जहाजांवर सर्रास रुळायला १८६० चं दशक उजाडलं. करंज्याच्या गोणपाटावर पडलेला नळ्यांचा जुडगा तिचाच वंशज आहे.

परदेशी इंजिन आणून देशी होडीत बसवण्याचा उद्योगही याच काळातला. अर्देशीर कर्सेटजी हा वाडिया घराण्यातला तरुण. गलबतं बांधणाऱ्या घरात जन्मूनही त्याचं मन यंत्रात रमलं. त्यानं आधी एक अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन स्वतः घडवलं. पुढे १८३३ मध्ये 'इंडस' नावाचं सुमारे ६० टनांचं जहाज पाण्यात उतरवलं आणि त्यात विलायतेहून मागवलेलं इंजिन बसवलं. इंजिन एकीकडचं, सांगाडा दुसरीकडचा, जोडणी स्वतःच्या डोक्यानं: आजचे गॅरेजवाले ज्याला 'कस्टम काम' म्हणतात ते हेच. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा तो पहिला भारतीय सदस्य झाला.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडला, आगबोटीनं मुंबईच्या जवळ आणलं. धरमतर आणि रेवस ही बंदरं बोटींच्या वेळापत्रकावर जगू लागली. विसाव्या शतकात लोकांनी 'माझी आगबोट कंपनी' असं घरगुती नाव दिलेल्या देशी कंपनीच्या बोटी या मार्गांवर धावत. त्यांतल्या 'रामदास' बोटीला १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना काशाच्या खडकाजवळ जलसमाधी मिळाली. शेकडो माणसं गेली. अलिबाग, पेण आणि मुंबईतल्या अनेक घरांत त्या गटारी अमावास्येची आठवण अजून निघते. कोळ्यांच्या होड्यांनी त्या दिवशी वाचवलेल्या माणसांचीही निघते.

त्या होड्या शिडाच्या होत्या. कोळीवाड्यात इंजिन पोचलं ते स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या काळात. सरकारी कर्ज, अनुदान आणि मच्छीमार सहकारी संस्था या तिघांच्या आधारानं होडीवर 'मशीन' चढलं. या किनाऱ्यावरची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतात; ती भरायला इंजिन लागत नाही. पण बोंबील आणि कोळंबी उन्हात थांबत नाहीत. वारा पडला तर भाऊचा धक्का किंवा ससून डॉक गाठेपर्यंत माल उतरायचा आणि भावही उतरायचा. इंजिनानं आधी बाजार जवळ आणला, मग दूरचा समुद्र.

सुरुवातीची इंजिनं लहान होती. डेन्मार्कचं बुख, जपानचं यानमार ही नावं भारताच्या किनाऱ्यावर आली. देशी बनावटीत रस्टन आणि किर्लोस्कर. एक-दोन सिलिंडर, वजनदार, हँडल मारून चालू होणारी. ती गार करण्याची रीत अगदी साधी: समुद्राचं पाणी पंपानं ओढायचं, इंजिनाच्या अंगातून फिरवायचं आणि बाहेर टाकायचं. भांडवल शून्य, गारवा अखंड.

पण मिठागराचा न्याय इथंही होताच. खारं पाणी अंगातून फिरवायचं तर ते फार तापू देऊन चालत नाही. साधारण ५० ते ६० अंशांच्या वर गेलं की क्षार धरू लागतात. म्हणजे इंजिन मुद्दाम कोमट ठेवायचं. डिझेल इंजिनाला कोमटपणा मानवत नाही. ते ८० अंशांच्या आसपास खुलतं. त्याखाली धूर जास्त, तेल खराब, डिझेलचा खप वाढता. शिवाय बिडाचा ठोकळा आतून गंजत जातो तो वेगळाच. फुकटच्या पाण्याची किंमत समुद्र अशी हप्त्याहप्त्यानं वसूल करत असे.

पुढे होड्या मोठ्या झाल्या, ट्रॉलिंग आलं, समुद्रात दिवसेंदिवस राहणं आलं. अधिक ताकद हवी, आणि तीही कोळ्याच्या ऐपतीत. उत्तर रस्त्यावर धावत होतं. अशोक लेलँडची सहा सिलिंडरची ट्रकची इंजिनं सागरी रूपात होड्यांमध्ये बसू लागली. मोठा फायदा असा, की सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचे आणि ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकलेला पोऱ्या होडीवरही हात चालवू शकायचा.

अडचण गारव्याचीच होती. ट्रकच्या इंजिनापुढं रेडिएटर असतो आणि त्याच्यावर वारा येतो. होडीच्या पोटात, फळ्यांच्या कोंदट खोलीत, कसला वारा? म्हणून रेडिएटर काढायचा आणि त्याच्या जागी हीट एक्स्चेंजर लावायचा. इंजिनात गोडं पाणी बंदिस्त फिरणार, खारं पाणी फक्त नळ्यांत. इंजिन हव्या त्या तापमानाला चालतं आणि मिठाचा सगळा मारा एका खोलता येणाऱ्या, बदलता येणाऱ्या भागावर येतो. हॉलच्या पेटंटनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी तोच हिशेब कोळ्याच्या होडीत उतरला होता.

आता हा नळ्यांचा जुडगा करायचा कशाचा? लोखंड गंजतं. ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात, तांब्या-पितळेच्या शेजारी, बघता बघता खाल्लं जातं. तांबं बरं, पण पाणी जोरात वाहिलं तर झिजतं. सगळ्यात चिवट म्हणजे तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू, आणि तो महाग. मात्र रायगडच्या खलाशाला एक सोय होती. भाऊच्या धक्क्यावर मासळी उतरवली की जवळच दारूखाना. तिथं जुनी जहाजं तुटतात, आणि त्यांच्या पोटातले पंप, झडपा, पाइप, कूलर आसपासच्या दुकानांत येऊन पडतात. जगभर फिरून आलेल्या जहाजाच्या कूलरची नळी तिथं किलोच्या भावानं मिळते. ती मापात कापायची, टोकं बसवायची, डाख लावायची, गळतंय का ते दाब देऊन बघायचं. नवा भाग परवडत नसेल तेव्हा हात याच बाजाराकडे वळतो.

बाकीचे धडे खाडीनं दिले. इथं उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला होडी चिखलात बसते. इंजिन चालू केलं की पाण्याबरोबर गाळ आणि अलीकडे प्लास्टिकची पिशवीही ओढली जाते. पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरलं तर काही क्षणांत जळतं. म्हणून पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळणी, आणि ती साफ करणं हे ड्रायव्हरचं पहिलं काम. धातू वाचवायला जस्ताच्या पट्ट्या लावतात: खारं पाणी आधी जस्त खातं आणि तांबं, लोखंड वाचतं. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये इंग्रजी आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. आज ती प्रत्येक बंदरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात टांगलेली दिसते.

मग टर्बो आला. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं त्याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम धुरानं एक पातं फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जळणार, म्हणजे त्याच आकारात जास्त ताकद. आज टर्बो म्हटलं की शर्यतीची मोटार डोळ्यांपुढं येते. पण त्याचं पहिलं मोठं यश समुद्रावरचं आहे: १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

दाबलेली हवा तापते, ही त्यातली गोम. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तसंच. रायगडच्या उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबाची केली, तर ती साधारण १३० अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ होते, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्यातला बराच भाग हातचा जातो. मध्ये कूलर लावून तीच हवा ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सुमारे २० टक्के अधिक हवा सिलिंडरमध्ये जाते. इंटरकूलरचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

भारतीय रस्त्यांवर तो आला तो मुख्यतः प्रदूषणाच्या नियमांमुळे. हवा गार असली की जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडं कमी होतात. २००० सालापासून नियम कडक होत गेले आणि 'टीसीआयसी' ही अक्षरं ट्रकांच्या इंजिनांना चिकटली: टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड. टाटांचं ६९७ टीसीआयसी हे त्यातलं घाटाघाटांत ओळखीचं झालेलं इंजिन. होड्यांकडेही मोठी टर्बो इंजिनं आली, काही देशी, काही चिनी बनावटीची.

आणि पुन्हा तोच पेच. ट्रकचा इंटरकूलर ॲल्युमिनियमचा, वाऱ्यावर चालणारा. होडीत वारा नाही आणि ॲल्युमिनियमला मीठ सोसत नाही. ट्रकचं टर्बो इंजिन उचलून होडीत ठेवलं, इंटरकूलर नुसता काढून टाकला आणि डिझेल तेवढंच सोडलं, तर हवा कमी आणि आग जास्त. काळा धूर येतो, पिस्टन तापतात, एक दिवस हेड जातं. इथंही समुद्राचंच पाणी वापरावं लागतं. मात्र पाण्याची हवेवर मोठी मात आहे: एक लिटर पाणी एका अंशानं तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता साडेतीन हजार लिटर हवा तेवढीच तापवू शकते. म्हणून ट्रकला पाटाएवढा कूलर लागतो तिथं होडीचं काम लहानशा नळकांड्यावर भागतं. पण त्या नळकांड्यात एक नळी फुटली की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये. त्यामुळं हा जुडगा पावसाळ्यात सगळ्यात आधी बाहेर निघतो आणि सगळ्यात बारकाईनं तपासला जातो.

रस्त्यावरच्या हौशी माणसाचा प्रवास याच्या नेमका उलट. त्याला वारा फुकट आहे, अडचण जागेची. कमी खर्चाची ठरलेली रीत अशी: कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्या एखाद्या गाडीचा कूलर घ्यायचा, बंपरमागच्या जागेत बसेल असा, ॲल्युमिनियमचे पाइप वाकवून, वेल्डिंग करून, रबरी किंवा सिलिकॉनचे जोड आणि क्लँप लावून टर्बोपासून इंजिनापर्यंतची वाट जोडायची. पैसे वाचतात, पण तीन ठिकाणी डोकं लावावं लागतं. कूलर फार मोठा घेतला तर भरायला हवा जास्त लागते आणि गाडी उशिरा प्रतिसाद देते. फार लहान घेतला तर हवेला वाट अपुरी पडून दाब घटतो. आणि जुन्या कूलरच्या पोटात आधीच्या गाडीचं तेल साचलेलं असतं. ते धुतल्याशिवाय लावला तर गारवा निम्मा आणि धूर दुप्पट. कार्ले खिंडीच्या चढावर, ट्रकच्या मागे सरपटताना, वारा नसतो आणि कूलर स्वतःच तापून बसतो. म्हणून शर्यतवाले मोटारीतही पाण्याचा कूलर लावतात आणि त्याच्या टाकीत बर्फ टाकतात. होडीच्या खणात मासळीवर पसरलेला बर्फ आठवावा, तसाच.

कायद्याची गोष्टही दोघांना वेगळी लागू होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना लगाम घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत, असं बजावलं. होडीला नोंदणी लागते, परवाना लागतो. पण एकीचं इंजिन, दुसरीचा पंप, तिसरीची नळी असा मेळ घालणं हा होडीचा स्थायीभाव आहे.

नारळी पौर्णिमेच्या आधी ही सगळी जुळवाजुळव संपलेली असते. नळ्या साफ होतात, गॅसकेट नवं बसतं, जस्ताची खाल्लेली पट्टी काढून नवी लागते. होडी पाण्यात उतरते, बटण दाबलं जातं, दोन ढेकरा देऊन इंजिन धरतं. ड्रायव्हरसमोर तापमानाचा काटा असतो, पण त्याच्याकडे तो नंतर बघतो. आधी कठड्यावरून वाकून होडीच्या कुशीतल्या भोकाकडे बघतो. क्षणभर काहीच नाही. मग धुराबरोबर पाण्याची एक चूळ बाहेर पडते, पाठोपाठ दुसरी, आणि तो मागे वळून तांडेलाला ओरडून सांगतो, "पाणी मारतंय!"